माजी सैनिक पेन्शनच्या कामासाठी मदत मागायला येतात तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खानदेशात माजी सैनिकाच्या कागदांचं काम सुरू होतं ते गावच्या सेवा केंद्रात, बँकेच्या काउंटरवर, ग्रामपंचायतीत, नाहीतर शेजारच्या शिकलेल्या पोराच्या ओट्यावर. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची पायरी तो नंतर चढतो. त्यामुळे त्याच्याशी पहिल्यांदा बोलणारा माणूस बहुतेक वेळा तुमच्याआमच्यासारखा असतो, नियमांचा जाणकार नसलेला. हे पान अशा मदत करणाऱ्यांसाठी आहे: सेवा केंद्र चालवणारे, माजी सैनिक संघटनेचे कार्यकर्ते, ग्रामसेवक, बँकेतले कर्मचारी आणि घरातली नातवंडं.

समोर माजी सैनिक येऊन उभा राहिला. सुरुवात कशी करावी?

आधी बसवा, पाणी द्या आणि म्हणा, "काय झालंय ते तुमच्या पद्धतीनं सांगा, मी मध्ये बोलत नाही." मग खरोखरच मध्ये बोलू नका. "कागद दाखवा" हे वाक्य दहा मिनिटं उशिरा आलं तरी काही बिघडत नाही.

धडगाव किंवा अक्कलकुव्याकडून निघालेला माणूस पहाटेच्या गाडीनं आलेला असतो. काय बोलायचं ते वाटेत त्यानं मनात जुळवलेलं असतं. पहिल्याच वाक्याला तुम्ही "पीपीओ नंबर काय?" (पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा क्रमांक) म्हणून अडवलं की ती साखळी तुटते आणि मुख्य गोष्ट सांगायची राहून जाते. हयातीच्या दाखल्यासाठी आलेला माणूस उठता उठता म्हणतो, "आणि ते घरवालीचं नाव बी चुकलेलं आहे." खरं काम तेच असतं! म्हणून त्याचं बोलून झालं की एकदा विचारा, "अजून काही राहिलंय का?" एवढ्या प्रश्नानं एक खेप वाचते.

हाक काय मारावी? आबा, आप्पा, की साहेब?

त्यांनाच विचारा. आपल्याकडे वडीलधाऱ्याला आबा, आप्पा, नाना, बापू म्हणण्याची रीत आहे आणि ती बहुतेकांना आवडते. पण सुभेदार किंवा हवालदार म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला चारचौघांत "सुभेदार साहेब", "हवालदार साहेब" म्हटलं तर तो ताठ बसतो आणि मोकळा बोलतो. ते पद त्यानं नोकरीची वर्षं घालून मिळवलेलं आहे. "ए बाबा, इकडे ये" हे कोणालाच नको. वीरपत्नी किंवा सैनिकाची विधवा असेल तर ताई, काकू, आजी, वयाप्रमाणे. पतीचा हुद्दा विचारला आणि लक्षात ठेवला तर त्यांना बरं वाटतं.

अहिराणीत बोललेलं चालेल का?

येत असेल तर जरूर बोला. "आबा, बठा, काय व्हयनं ते सांगा" एवढ्यानं अर्धा संकोच जातो. येत नसेल तर ओढूनताणून बोलू नका, साधी मराठी पुरते. सातपुड्यातल्या भिली किंवा पावरी बोलणाऱ्या कुटुंबासाठी दुभाषी लागला तर घ्या, पण बोलताना डोळे सैनिकाकडे असू द्या, दुभाष्याकडे नाही. आणखी एक. फौजेतले शब्द तसेच वापरा. "मेडिकल बोर्ड" (तपासणी करणारं डॉक्टरांचं मंडळ), "पार्ट टू ऑर्डर" (लग्न, मुलं अशा घरच्या बदलांची सैनिकी नोंद), "डिस्चार्ज बुक" (निवृत्तीच्या वेळी मिळणारं नोकरीचं पुस्तक) हे शब्द त्यांनी नोकरीभर ऐकलेले असतात, त्यांचं शुद्ध मराठी केलं तर उलट गोंधळ होतो.

त्यांना ऐकू कमी येतं. मी मोठ्यानं बोलतो तरी कळत नाही.

मोठ्यानं बोलल्यानं काम होत नाही. तोफखान्यात किंवा इंजिनांच्या आवाजात वर्षं काढलेल्यांची ऐकण्याची शक्ती आधी बारीक, वरच्या स्वरांसाठी जाते. त्यामुळे आवाज येतो, पण स, श, त, क यांसारखी अक्षरं गळतात. ओरडलं की शब्द आणखी फाटतो, शिवाय आजूबाजूच्यांना वाटतं तुम्ही रागावलात, आणि त्यांनाही तसंच वाटतं.

समोरासमोर, उजेडात बसा, म्हणजे ओठ दिसतात. पंखा, टीव्ही, झेरॉक्स मशीन यांच्यापासून लांब. आवाज नेहमीपेक्षा थोडाच मोठा, वेग निम्मा, वाक्य लहान. एक वाक्य कळलं नाही तर तेच पुन्हा न म्हणता वेगळ्या शब्दांत सांगा. आकडे तर लिहूनच दाखवा. "सात", "आठ" आणि "साठ" यांत हमखास घोळ होतो. सात तारखेला बोलावलेला माणूस आठला आला, तर त्याचा दोष नाही.

"बघतो, होऊन जाईल" असं सांगितलं तर काय बिघडतं? सगळेच तसं सांगतात.

या पानावर एकच गोष्ट वाचायची असेल तर ही वाचा. माजी सैनिकांचा सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा अर्धवट उत्तरांत जातो. नियम कडक आहेत हे त्यांना मान्य असतं, शिस्तीत आयुष्य गेलेलं असतं. "वरून आलं नाही", "प्रोसेसमध्ये आहे", "पुढच्या आठवड्यात या" ही उत्तरं मात्र त्यांना कुठेच नेत नाहीत. फौजेत "होईल" म्हणजे होणारच. तो शब्द ते तसाच घेतात आणि पुढच्या आठवड्यात, सांगितलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी, दाराशी हजर असतात. तुम्ही सहज बोललेलं वाक्य त्यांच्यासाठी हुकूम असतो.

म्हणून उत्तरात चार गोष्टी हव्यात. कागद आत्ता कुठे आहे. पुढचं पाऊल कोणी टाकायचं. त्याला साधारण किती वेळ लागतो. तोवर उत्तर आलं नाही तर काय करायचं. यातली एखादी माहीत नसेल तर "हे मला माहीत नाही, शुक्रवारपर्यंत विचारून फोन करतो" म्हणा, आणि शुक्रवारी काहीच कळलं नसलं तरी फोन करा. "अजून कळलं नाही" हासुद्धा निरोपच आहे.

हे सगळं त्यांच्या लक्षात राहील का?

राहणार नाही, म्हणून चिठ्ठी द्या. अर्ध्या कागदावर, जाड स्केचपेननं, मोठ्या अक्षरात. मोबाईलवर मेसेज पाठवला तरी चिठ्ठी द्याच. ती घरी मुलाला, सुनेला, बँकेत, कुठेही दाखवता येते. नमुना असा (रेकॉर्ड ऑफिस म्हणजे सैनिकाच्या नोकरीच्या नोंदी ठेवणारं कार्यालय):

"हवालदार साहेब, आज आपण पत्नीच्या नावाच्या दुरुस्तीचा अर्ज नाशिकरोडच्या रेकॉर्ड ऑफिसला स्पीड पोस्टानं पाठवला. पोस्टाची पावती तुमच्याकडे, झेरॉक्स माझ्याकडे. आता त्यांच्या पत्राची वाट पाहायची. तुम्ही कुठे जायचं नाही. दिवाळीपर्यंत पत्र आलं नाही तर मला फोन करायचा. कोणी पैसे मागितले तर द्यायचे नाहीत."

"तुम्ही कुठे जायचं नाही" हे वाक्य मुद्दाम आहे. ते नसलं तर माणूस काळजीपोटी तीन कचेऱ्या फिरून येतो.

चिठ्ठी दिल्यावर "समजलं ना?" विचारू नका. "हो साहेब" हेच उत्तर येणार. त्याऐवजी म्हणा, "घरी गेल्यावर पोराला काय सांगाल?" आणि ऐका. कुठे चुकतंय ते तिथेच कळतं.

पेन्शन अचानक बंद झाली म्हणून घाबरून आलेत. काय तपासावं?

आधी धीर द्या. पेन्शन रद्द होणं आणि थांबणं या वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक वेळा हयातीचा दाखला राहिलेला असतो. तो वर्षातून एकदा द्यावा लागतो. दिला की पेन्शन पुन्हा सुरू होते आणि अडकलेली रक्कमही मिळते. हे वाक्य पहिल्या मिनिटात त्यांच्या कानावर गेलं पाहिजे.

मग तपासा. संरक्षण खात्याच्या पेन्शन आता 'स्पर्श' या प्रणालीतून, प्रयागराजच्या पेन्शन लेखा कार्यालयामार्फत थेट खात्यात जमा होतात. पूर्वी हे काम बँक करायची, त्यामुळे पुष्कळ जण अजून बँकेशीच भांडत बसतात आणि बँकेतला माणूस हात वर करतो. दोघांचंही खरं असतं. हे शांतपणे समजावून सांगा: "पैसे बँकेत येतात, पण पाठवणारं ऑफिस आता वेगळं आहे."

सेवा केंद्र चालवणाऱ्यांसाठी एक बारीक पण महागात पडणारी गोष्ट. जीवन प्रमाण (हयातीचा ऑनलाइन दाखला) भरताना पेन्शन मंजूर करणारं कार्यालय आणि वाटप करणारं कार्यालय, असे दोन रकाने असतात. स्पर्शवर गेलेल्या पेन्शनरसाठी वाटपाच्या रकान्यात जुन्या सवयीनं बँक निवडली, तर दाखला तयार झालेला दिसतो पण योग्य जागी पोचत नाही. माणूस निश्चिंत घरी जातो आणि पेन्शन थांबते. स्पर्शच निवडा आणि भरलेला रकाना त्यांनाही स्क्रीनवर दाखवा.

शेतात राबून बोटांचे ठसे झिजलेले असतात. मशीन ठसा घेत नाही म्हणून माणसाला परत पाठवू नका. चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय मोबाईलच्या अ‍ॅपमध्ये आहे, आणि अंथरुणाला खिळलेल्यांसाठी पोस्टमन घरी येऊनही जीवन प्रमाण करून देतो.

नावात, जन्मतारखेत तफावत आहे. हे त्यांना कसं समजवावं? ते म्हणतात, "मीच तर आहे!"

त्यांचं म्हणणं बरोबर आहे, आणि तिथूनच सुरुवात करा. "तुम्हीच आहात यात शंका नाही. कागदांचं एकमेकांशी जुळत नाही, ते जुळवू."

एखादं प्रकरण जवळून पाहा. पत्र्याच्या ट्रंकेतून साडीच्या दुकानाची पिशवी निघते. तिच्यात डिस्चार्ज बुक, घडीवर फाटलेला पीपीओ, जोडप्याचा कृष्णधवल फोटो, सोसायटीची पावती आणि नातवाचा गुणपत्रक एकत्र असतात. डिस्चार्ज बुकात पत्नी "विमल", आधारवर "विमलबाई", बँकेत माहेरचं आडनाव. भरतीच्या वेळी कारकुनानं इंग्रजीत जे लिहून घेतलं तेच नोकरीभर चाललं. या घरात कोणी खोटं बोललेलं नाही. म्हणून "तुम्ही चुकीचं का लिहिलं?" असं चुकूनही विचारू नका.

एका कागदावर तीन रकाने आखा: कागदाचं नाव, त्यावरचं नाव जसंच्या तसं, जन्मतारीख. दोघं मिळून भरा. तक्ता पाहिल्यावर समजावण्याची गरजच उरत नाही, ते स्वतः बोट ठेवून सांगतात कुठे फरक आहे. मग कोणता कागद बदलणं सोपं ते ठरवा. साधारणपणे आधार किंवा बँकेतलं नाव सैनिकी नोंदीप्रमाणे करून घेणं लवकर होतं. सैनिकी नोंदच चुकलेली असेल, किंवा लग्नाची वा मुलांची नोंद पार्ट टू ऑर्डरमध्ये आलेलीच नसेल, तर रेकॉर्ड ऑफिसला लिहावं लागतं.

रेकॉर्ड ऑफिस प्रत्येक शाखेचं वेगळं. तोफखान्याचं नाशिकरोडला, मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशातल्या सागरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, सिग्नलचं जबलपूरला, ईएमईचं (फौजेतली यंत्रं-वाहनं दुरुस्त करणारी शाखा) सिकंदराबादला, डिफेन्स सिक्युरिटी कोरचं (डीएससी) केरळात कन्नूरला. निवृत्तीनंतर डीएससीत दुसरी नोकरी केलेले लोक आपल्याकडे भेटतात. त्यांना विचारा, "हा प्रश्न पहिल्या नोकरीचा की दुसऱ्या?" नाहीतर अर्ज भलत्याच राज्यात जातो.

अपंगत्व पेन्शनचा विषय आहे. यात काय बोलावं आणि काय बोलू नये?

इथे सगळ्यात जास्त धीर लागतो, म्हणून जरा सविस्तर.

पहिलं, सैनिक आपलं दुखणं कमी करून सांगतो. "थोडं दुखतं गुडघ्यात" म्हणणारा माणूस पायरी चढताना कठडा दोन्ही हातांनी धरतो. "त्रास किती आहे?" हा प्रश्न निरुपयोगी आहे. "सकाळी उठल्यावर पहिली पावलं कशी पडतात? शेतात किती वेळ उभं राहता येतं? रात्री झोप कशानं मोडते?" असे प्रश्न विचारा आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहा. फुगवून लिहू नका, "अमुक म्हणा" असं पढवूही नका. मेडिकल बोर्डापुढे पढवलेलं लगेच उघडं पडतं आणि खऱ्या दुखण्यावरचाही विश्वास उडतो.

दुसरं, निकष सोप्या शब्दांत. सेवा पूर्ण करून निवृत्त झालेल्याला हा लाभ मिळण्यासाठी दोन गोष्टी लागतात: अपंगत्व किमान २० टक्के ठरलेलं हवं, आणि ते सैनिकी सेवेमुळे झालेलं किंवा सेवेमुळे वाढलेलं हवं. निवृत्तीच्या वेळच्या मेडिकल बोर्डाच्या कागदात या दोन्हींची नोंद असते. म्हणून इथे तोच कागद सगळ्यात महत्त्वाचा. नसेल तर रेकॉर्ड ऑफिसकडे लेखी मागा. माहिती अधिकाराचा २००५ चा कायदा आहे, त्यात ३० दिवसांची मुदत आहे.

टक्क्यांबद्दल गावात बरीच ऐकीव माहिती फिरते. पात्र ठरलेल्यांचं अपंगत्व हिशेबासाठी टप्प्यानं वर धरलं जातं: ५० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर ५०, ५० ते ७५ मध्ये असेल तर ७५, त्यावर १००. सेवा पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही हा फायदा लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१४ मध्ये स्पष्ट केलं. पण "तुमचे ३० टक्के आहेत, म्हणजे ५० चे पैसे पक्के" असं बोलू नका. आजार सेवेशी जोडलेला नाही असं बोर्डानं लिहिलं असेल तर पहिला अडथळा तोच आहे.

तिसरं, नकाराचं पत्र. ते इंग्रजीत असतं. वाचून दाखवताना "रिजेक्ट झालं" एवढंच सांगून कागद परत देणं हा अन्याय आहे. कारणाचं वाक्य शोधा, ते मराठीत सांगा, आणि अपिलाची मुदत पाहून तारीख चिठ्ठीवर लिहा. पहिलं अपील, दुसरं अपील, त्यानंतर सशस्त्र सेना न्यायाधिकरण. महाराष्ट्रासाठी त्याचं पीठ मुंबईत आहे. वर्षं लोटली म्हणून हक्क संपत नाही. मात्र न्यायालयं थकबाकी साधारणपणे दावा दाखल करण्याआधीच्या ३ वर्षांपुरती देतात, हेही सांगा, म्हणजे "पुढच्या वर्षी बघू" यात किती नुकसान आहे ते कळतं. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवा. नाल्साची (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) वीर परिवार सहायता योजना जुलै २०२५ मध्ये सुरू झाली, त्यात सैनिक बोर्डांमध्येच विधी सहाय्याची केंद्रं उघडण्याची तरतूद आहे.

नोकरी कमी वर्षांची होती, पेन्शनच नाही. त्यांना काय सांगणार?

जवानांना सेवा-पेन्शनसाठी साधारण १५ वर्षांची नोकरी लागते. ती नसेल तर "तुम्हाला काहीच नाही" असं सांगून मोकळं होणारे बरेच आहेत. हे उत्तर अपुरं आहे. ६५ वर्षांवरच्या, हवालदारापर्यंतच्या हुद्द्याच्या, पेन्शन नसलेल्या गरजू माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना केंद्रीय सैनिक बोर्डाकडून दरमहा मदत मिळते. ती ४,००० रुपये होती, १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ८,००० झाली. त्याच निर्णयात मुलांच्या शिक्षणाची मदत दरमहा १,००० वरून २,००० (दोन मुलांपर्यंत) आणि मुलीच्या लग्नाची ५०,००० वरून १ लाख झाली. अर्ज ऑनलाइन होतो, छाननी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात होते.

ही मदत मागताना त्यांना लाज वाटते. फौजी माणूस हात पसरत नाही. "गरिबीची मदत" असले शब्द टाळा, "सैनिक बोर्डाचं अनुदान" म्हणा. ध्वजदिन निधीतून येणारे हे पैसे लोकांनी सैनिकांसाठीच दिलेले आहेत, तेही सांगा.

पती वारले, आता ताई आल्या आहेत. काय लक्षात ठेवावं?

पहिल्या भेटीत कागदांची यादी देऊन पाठवू नका. मृत्यूची नोंद, पीपीओ, त्यांचं आधार आणि बँक खातं, एवढंच आधी. एकेक सांगा. सोबत आलेला दीर किंवा भाचा बोलत असला तरी उत्तर ताईंकडे बघून द्या, पेन्शन त्यांच्या नावावर होणार आहे. स्वतंत्र खातं आहे का आणि त्या खात्याला कोणाचा मोबाईल नंबर जोडलाय, हे हळूच विचारा.

फॅमिली पेन्शनच्या दाखल्यात पुनर्विवाहाबद्दल विचारावं लागतं. हा प्रश्न रांगेसमोर मोठ्यानं विचारणं क्रूरपणा आहे. बाजूला घ्या आणि आधी सांगा, "हा फॉर्ममधला प्रश्न आहे, सगळ्यांना विचारतात."

घरात दिव्यांग मूल असेल तर त्याला आयुष्यभर फॅमिली पेन्शन मिळू शकते. आईवडील हयात असतानाच त्याची नोंद करून घेतली तर पुढचा मोठा त्रास वाचतो. ही गोष्ट लोक विचारत नाहीत, आपणच काढायची.

कम्युटेशन, ओरोप, ८० वर्षं... हे सगळं मला कुठे पाठ होणार?

पाठ नको, तीन गोष्टी जवळ असू द्या. कम्युटेशनपोटी (पेन्शनचा काही भाग आधीच एकरकमी घेतल्याबद्दल) कापली जाणारी रक्कम १५ वर्षांनी पूर्ववत होते. ८० व्या वर्षापासून मूळ पेन्शनवर २० टक्के वाढ मिळते, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला १००. ओरोप (समान हुद्दा आणि समान सेवेला समान पेन्शन) १ जुलै २०१४ पासून लागू आहे, पुढच्या फेरआखण्या १ जुलै २०१९ आणि १ जुलै २०२४ पासूनच्या. हिशेब मात्र करून देऊ नका. तुम्ही काढलेला आकडा आणि खात्यात आलेला आकडा यांत दोनशे रुपयांचा फरक पडला तरी त्यांची महिनाभराची झोप जाते.

ते चिडतात, टेबलावर हात आपटतात. किती सहन करायचं?

बहुधा तो राग तुमच्यावर नसतो, आधीच्या तीन खिडक्यांचा असतो. मध्ये न बोलता ऐकलं तर दोन-तीन मिनिटांत ओसरतो. नियम सांगायला ती वेळ चुकीची. "इतके फेरे मारावे लागले, हे व्हायला नको होतं" म्हणा, कारण ते खरंच आहे. मग एक ठोस काम हातात घ्या, निदान कागद तारखेप्रमाणे लावायला. हात कामाला लागले की आवाज खाली येतो. शिवीगाळ झाली तर सौम्यपणे, पण स्पष्ट सांगा की थोड्या वेळानं बोलू. मदत करणाऱ्यालाही मान असतो.

कधी रागामागे दुसरंच काही असतं: झोप न लागणं, जुन्या चकमकींच्या आठवणी, दारू, एकटेपणा. त्यात खोदकाम करू नका, "युद्धात काय पाहिलं?" असं कुतूहलानं विचारू नका. बोलले तर ऐका. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चिठ्ठीच्या मागे लिहून द्या आणि घरच्या एका विश्वासाच्या माणसाला सांगून ठेवा.

मुलगाच सगळं बोलतो, वडील गप्प. चालेल?

मुलाची मदत घ्या, पण निर्णय वडिलांना विचारा. "आप्पा, तुम्हाला काय वाटतं?" असं दर दोन प्रश्नांमागे एकदा. पासवर्ड आणि ओटीपी कोणाच्या हाती राहणार, हे सगळ्यांसमोर ठरवून घ्या.

दलाल "दहा टक्के द्या, करून देतो" म्हणतो. लोक देतातही.

कारण दलाल त्यांच्याशी बोलतो! घरी येतो, चहा पितो, "काका" म्हणतो, फोन उचलतो. आपण तेवढं केलं तर त्याची गरज उरणार नाही. अर्जापुरतं सेवा केंद्राचं ठरलेलं शुल्क सोडलं तर मंजुरीसाठी कोणालाही पैसे द्यायचे नसतात, हे प्रत्येक भेटीत सांगा.

फोनवरचे भामटे वेगळे. "पेन्शन ऑफिसमधून बोलतोय, हयातीचा दाखला अपडेट करतो, ओटीपी सांगा" असा फोन येतो. हुकमी आवाजात इंग्रजी-हिंदी ऐकलं की जुनी सवय उत्तर देऊन जाते. म्हणून त्यांना एक वाक्य पाठच करून द्या: "फोनवर ओटीपी नाही." फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

काम होणारच नाही, हे माहीत असताना काय सांगावं?

खरं सांगा, त्याच दिवशी, बसवून. कारण सांगा. मग उरलेल्या वाटा सांगा, असतील तर. राज्यानं २०२० मध्ये माजी सैनिक आणि सैनिक विधवांना एका घराच्या मालमत्ता करात सूट दिली आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला घेऊन ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत अर्ज केला का, हे विचारा. मोठं काम अडलं म्हणून हातात असलेलं छोटं सोडू नका. "वरती पाठवून बघू" हे आशेला लावणारं वाक्य मात्र नको. दोन वर्षं वाट पाहिल्यावर मिळालेला नकार जास्त लागतो.

गावात मदतीचा दिवस ठेवायचा आहे. कधी आणि कसा?

नोव्हेंबरात कापूस वेचणी आणि हयातीचा दाखला एकाच वेळी येतात, मजूर मिळत नाहीत आणि पेन्शनर स्वतः शेतात असतात. ८० वर्षांवरच्यांना १ ऑक्टोबरपासून दाखला देता येतो, त्यांना तेव्हाच उरकून घ्या म्हणजे पुढची गर्दी निम्मी होईल. एप्रिल-मे टाळा, भुसावळ-जळगावच्या उन्हात म्हाताऱ्या माणसाला रांगेत उभं करू नये. ठेवावाच लागला तर सकाळी आठ ते साडेदहा. परतीच्या एसटीची वेळ फळ्यावर लिहा आणि लांबच्या गावांना आधी घ्या. खुर्च्या रांगेत न ठेवता टेबलाजवळ दोन-दोन ठेवा, म्हणजे बोलणं चारचौघांत होणार नाही. दवंडीत किंवा व्हॉट्सअ‍ॅपच्या निरोपात "मूळ कागद आणा, झेरॉक्स इथे काढू" एवढं नक्की लिहा. लोक झेरॉक्स घेऊन येतात आणि मूळ कागद घरी राहतो.